दिवे कधी बंद करायचे ते कोण ठरवणार? ग्रुप होमबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी ग्रुप होमबद्दल प्रश्न मागवले होते आणि पत्रं एवढी आली की सगळी घेणं शक्यच नव्हतं. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि ओळख पटेल असा मजकूर काढून टाकलाय. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात, ग्रुप होम म्हणजे साध्या वस्तीतलं साधं घर. त्यात चार-सहा, फार तर आठ मोठी माणसं एकत्र राहतात. त्यांना बौद्धिक अक्षमता असते, काहींना जोडीला ऑटिझम किंवा एखादा मानसिक आजारही असतो, आणि मदतीला स्टाफ असतो, कुठे चोवीस तास तर कुठे फक्त सकाळ-संध्याकाळ. मी या कामात बरीच वर्षं काढलीत, आता नवीन स्टाफला ट्रेनिंग देते, त्यामुळे माझी मतं जरा ठाम आहेत, आधीच सांगून ठेवते.

ताई, माझा मुलगा २९ वर्षांचा आहे. मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे, मोजकं बोलतो. आता माझ्याच्याने होत नाही म्हणून त्याला ग्रुप होममध्ये ठेवायचं चाललंय. पण तिथे तो दिवसभर करणार काय? माझ्या डोळ्यांसमोर नुसती भिंतीला टेकून ओळीने बसलेली माणसं येतात. – एक आई

तुमच्या डोळ्यांसमोर येतं ते काही मनाचे खेळ नाहीत, असंच होतं बऱ्याच ठिकाणी. न्यूयॉर्कमध्ये विलोब्रूक नावाची एक सरकारी संस्था होती, बांधली होती ४००० माणसांसाठी आणि १९६० च्या दशकात तिथे ६००० च्या आसपास लोक कोंबलेले होते. १९७२ मध्ये टीव्हीवर तिथलं चित्रण दाखवलं गेलं तेव्हा लोक हादरले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी १९८७ मध्ये ती बंद झाली. अशा मोठ्या संस्था नकोत, माणसांना घरात राहू द्या, या आग्रहातून जगभर ग्रुप होम उभी राहिली.

पण एक गोष्ट कुणी सांगत नाही ती मी सांगते. घर लहान केलं की आपोआप सगळं चांगलं होतं असं नाहीये. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकापासून यावर बराच अभ्यास झाला. त्यात दिसलं की छान घर, मोजकी माणसं, भरपूर स्टाफ, सगळं असूनही लोक तासन्‌तास सोफ्यावर बसून असू शकतात, कारण सगळी कामं स्टाफच उरकतो. फरक कशाने पडतो तर स्टाफ त्यांना कामात किती सामील करून घेतो याने. या पद्धतीला अ‍ॅक्टिव्ह सपोर्ट म्हणतात. कपडे धुवायचे असतील तर एकाने मशीनमध्ये टाकायचे, दुसऱ्याने पावडर ओतायची, ज्याला काहीच जमत नाही त्याने बटण दाबायचं, आणि बटण दाबणं हाही सहभागच, त्याला कमी लेखायचं नाही.

आता दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी साडेसहा ते नऊ म्हणजे नुसती धांदल, कारण माणसं सहा आणि बाथरूम दोन, त्यात एकाला शर्टाची बटणं लावायला वीस मिनिटं लागतात आणि ती त्याला स्वतःलाच लावायची असतात. चांगला स्टाफ इथे घाई करत नाही, त्याला अर्धा तास आधी उठवतो. कपडे कुठले घालायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं, पूर्ण कपाट बघून गोंधळ होत असेल तर दोन शर्ट समोर धरायचे. भिंतीवर फोटोंचा एक बोर्ड असतो, आज सकाळी ड्यूटीवर कोण, रात्री कोण, कुणाचा आज बाहेर जायचा दिवस. बाहेरच्याला तो बोर्ड पोरकट वाटतो पण ज्याला वेळ कळत नाही त्याच्यासाठी 'आज रात्री कोण आहे' हा सगळ्यात मोठा प्रश्न असतो आणि तो दिवसातून पंधरा वेळा विचारला जातो, बोर्ड असला की त्याचं उत्तर तो स्वतः जाऊन बघू शकतो.

मग औषधं. एका वेळी एकच माणूस, कुलपातलं कपाट, समोर चार्ट, आणि गोळी गिळल्यावर सही, आधी नाही. नाही घेतली तर 'नाही घेतली' असं लिहायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. जेवणात लपवून देणं हा प्रकार कुणी आपल्या मनाने करायचा नसतो, त्यासाठी डॉक्टर, फार्मासिस्ट आणि घरचे सगळे बसून ठरवावं लागतं, शिवाय काही गोळ्या कुटल्या की त्यांचा परिणामच बदलतो. थायरॉइडची रिकाम्या पोटी, फिटची ठरलेल्या वेळेला, असं प्रत्येकाचं वेगळं.

दिवसा बहुतेक जण बाहेर जातात. कुणी वर्कशॉपमध्ये, कुणी डे सेंटरला, कुणी चार तासांची नोकरी करतं, एखादा म्हातारा झालाय तो घरीच थांबतो. संध्याकाळी चार ते सहा हा माझ्या मते दिवसातला सगळ्यात अवघड वेळ, सगळे थकून आलेले, भूक लागलेली, नेमकी तेव्हाच स्टाफची शिफ्ट बदलते, आणि भांडणं बहुतेक तेव्हाच होतात. मग स्वयंपाक, त्यातही कुणी भाजी धुतं, कुणी चिरतं, कुणी ताटं मांडतं, नंतर फोन, टीव्ही, रिमोटवरून वाद. रात्री एक जण जागा किंवा हाकेच्या अंतरावर झोपलेला. फिट येणाऱ्यांच्या गादीखाली सेन्सर लावतात.

तुम्ही एक काम करा, मुलाबद्दल एक-दोन पानं लिहून द्या. त्याचा आजार वगैरे फाइलमध्ये असतोच, ते नको. तो कुठला शब्द कशासाठी वापरतो, दुखत असलं की काय करतो (खूप जण रडत नाहीत, गप्प होतात किंवा कान ओढतात), कशाला घाबरतो, झोपताना दिवा लागतो का, कशाने हसतो, हे लिहा. हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. आणि त्याला 'दोनच दिवस जायचंय' असं खोटं सांगू नका हो, आधी जेवायला जा, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार, असं करत करत न्या. पहिले काही आठवडे तो 'घरी जायचं' म्हणेल, तेव्हा विषय बदलू नका, 'आठवण येते ना, मी रविवारी येणार आहे' असं सांगा आणि मग रविवारी नक्की जा.

आमच्याकडे ९ वाजता लाइट बंद करतात. मला मॅच बघायची असते. मी ४१ वर्षांचा आहे. मी लहान नाही. हे बरोबर आहे का? – मी सांगितलं, मित्राने लिहिलं

नाही, बरोबर नाही. तुम्ही मोठे आहात. कधी झोपायचं ते तुम्ही ठरवायचं.

दुसऱ्या कुणाला झोपायचं असेल तर आवाज कमी ठेवा, किंवा हेडफोन लावा. सकाळी कामाला जायचं असेल तर उठावं लागेल, ते लक्षात ठेवा. एवढंच.

तुमच्या घरात सगळ्यांची मीटिंग होते का? होत असेल तर तिथे सांगा. होत नसेल तर 'मीटिंग घ्या' असं सांगा. बोलताना मित्राला शेजारी बसवा. तुमच्यासारख्या लोकांनी १९७४ मध्ये अमेरिकेत ओरेगॉन राज्यात स्वतःची संघटना काढली. तिचं नाव पीपल फर्स्ट. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही आधी माणूस आहोत. आता असे गट खूप देशांत आहेत.

(हे स्टाफसाठी. स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी १९६९ मध्ये नॉर्मलायझेशनचं, म्हणजे या लोकांचं जगणं शक्य तितकं इतरांसारखं असावं असं तत्त्व मांडलं. दिवसाची लय इतरांसारखी असावी हा त्यातला पहिलाच मुद्दा, आणि तिथे त्यांनी स्पष्ट लिहिलंय की स्टाफ कमी आहे म्हणून मोठ्या माणसाला लवकर झोपायला लावू नये. त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. तरी मला दर ट्रेनिंगमध्ये कुणीतरी विचारतंच, 'मग मॅडम, रात्रीच्या शिफ्टला त्रास होईल ना?' होईल. रोस्टर बदला.)

माझा भाऊ ४७ वर्षांचा, डाउन सिंड्रोम आहे. बारा-तेरा वर्षं एकाच ग्रुप होममध्ये आनंदात होता. गेल्या वर्षभरात फार बदललाय. अंघोळीला नाही म्हणतो, जिना उतरायला घाबरतो, जेवणाच्या टेबलावरून उठून जातो, कधीकधी ओरडतो. स्टाफ म्हणतो हट्टी झालाय, वयाचा परिणाम. डॉक्टरांनी शांत राहायची गोळी सुरू केली. काय करावं? – एक बहीण

आधी एक सांगा, कुणी त्याचे कान, डोळे, थायरॉइड, दात, पोट, झोप हे सगळं तपासलंय का? माझा अंदाज, नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाने काहीही वेगळं केलं की 'त्याचं असंच असतं' म्हणून सोडून द्यायचं ही डॉक्टरांचीही सवय आहे, फक्त स्टाफची नाही, आणि त्यापायी साधे बरे होणारे आजार राहून जातात.

जिना उतरायला घाबरतो म्हणता, तर मोतीबिंदू असू शकतो, डाउनमध्ये तो लवकर येतो, पायऱ्यांच्या कडा दिसेनाशा होतात. मानेच्या वरच्या मणक्यांत ढिलेपणा असण्याची शक्यताही डाउनमध्ये असते, त्यामुळे चाल बदलली असेल, हात-पाय बधिर वाटत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटायला लागला असेल तर थांबू नका, लगेच दाखवा. टेबलावरून उठून जातो म्हणता, तर गिळायला त्रास होतोय का, दात दुखतोय का, की ऐकू कमी येतंय आणि सगळ्यांच्या बोलण्याचा कालवा सहन होत नाही, हे बघा. थायरॉइड कमी पडणं डाउनमध्ये खूप दिसतं, त्याने माणूस मंदावतो, उदास होतो. रात्री घोरत असेल आणि मध्येच श्वास थांबत असेल तर दिवसभर चिडचिड होणारच. आणि बद्धकोष्ठता! हसू नका, या लोकांमध्ये तिच्यामुळे जीव गेल्याचीही उदाहरणं आहेत. हालचाल कमी, पाणी कमी, वर मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या पोट आणखी जड करतात, आणि सांगता येत नाही म्हणून माणूस डोकं आपटतो किंवा ओरडतो. चांगल्या घरात शौचाचीसुद्धा नोंद ठेवतात, पाहुण्यांना विचित्र वाटतं, वाटू दे.

हे सगळं बघून झाल्यावरही बदल राहिला तर मग डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा विचार करायचा, आधी नाही. डाउनमध्ये २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते आणि अल्झायमरशी जोडलेलं एक प्रथिन बनवणारा जीन नेमका त्याच गुणसूत्रावर आहे, त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांच्याच मेंदूत ते बदल सुरू झालेले असतात. लक्षणं मात्र प्रत्येकाला वेगळ्या वयात दिसतात. पूर्वी हा प्रश्न फारसा यायचाच नाही कारण माणसं तेवढी जगायचीच नाहीत, अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाउन असलेल्यांचं सरासरी आयुष्य २५ च्या आसपास होतं, आता ६० च्या आसपास आहे. म्हणजे तुमच्या भावाची पिढी ही म्हातारपण बघणारी पहिलीच मोठी पिढी, आणि घरं त्यासाठी तयार नाहीत.

त्या गोळीबद्दल. ती कशासाठी दिली, किती दिवस, कधी आढावा घेणार, हे लेखी मागा. इंग्लंडमध्ये २०१५ साली सरकारी आरोग्य खात्याने अंदाज काढला तेव्हा ३०,००० ते ३५,००० बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ अशी मनावरची औषधं योग्य कारण नसताना रोज घेत होते असं दिसलं, आणि मग २०१६ मध्ये ती कमी करायची मोहीमच सुरू करावी लागली. पण एक, गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, डॉक्टरांशी बोलून हळूहळूच.

आणि एक जुना फोटो, पाच वर्षांपूर्वीचा एखादा व्हिडिओ, तो काय काय स्वतः करायचा याची यादी, हे घेऊन डॉक्टरांकडे जा. नवीन स्टाफला तो आधी कसा होता तेच माहीत नसतं, त्यांच्यासाठी तो पहिल्यापासून हट्टीच.

मी नुकतीच ग्रुप होममध्ये कामाला लागलेय. एक बाई आहेत, पन्नाशीच्या, बोलत नाहीत. अंघोळीच्या वेळी मारतात, चावतात. सीनियर म्हणतात दोघींनी धरून पटकन उरकून टाकायचं. मला ते बघवत नाही पण मी नवीन आहे, काय बोलणार? – नवीन केअरगिव्हर

बघवत नाही हे चांगलं लक्षण आहे, ते जाऊ देऊ नका. दोघींनी धरून कपडे काढणं याला आपण काहीही नाव दिलं तरी त्या बाईंच्या बाजूने बघितलं तर तो हल्लाच आहे, आणि त्या त्याला उत्तर देतायत.

एक वही करा. मारलं त्याच्या आधी काय घडलं, नेमकं काय केलं, नंतर काय झालं, असे तीन रकाने. तारीख, वेळ, कोण होतं. दोन-तीन आठवडे नीट लिहिलं ना की काहीतरी दिसायला लागतं, म्हणजे ठराविक माणूस असतानाच होतंय, किंवा डोक्यावर पाणी पडलं की होतंय, किंवा महिन्याच्या ठराविक दिवसांत होतंय, किंवा आदल्या दिवशी पोट साफ झालेलं नव्हतं. आणि 'नंतर काय झालं' हा रकाना लोक टाळतात पण तोच महत्त्वाचा, कारण मारल्यावर अंघोळ थांबत असेल तर त्यांना नाही म्हणायची तेवढी एकच भाषा कामाला येते हे त्या शिकल्यात. मग दुसरी भाषा द्या. थांबा म्हणून एक चित्राचं कार्ड, किंवा हात वर करणं, आणि त्यांनी ते केलं की खरंच थांबायचं, पाणी बंद, हात मागे. पहिले काही दिवस त्या दर मिनिटाला थांबवतील, तुमची परीक्षा बघतील, चालेल.

बाकी साध्या गोष्टी. पाणी आधी त्यांच्या हातावर. तापमान मोजा, ब्रिटनमध्ये केअर होममधल्या बाथटबसाठी ४४ अंश सेल्सिअस ही वरची मर्यादा धरतात, कारण ज्यांना भाजलेलं सांगता येत नाही त्यांना खरंच भाजतं. टॉवेल अंगावर ठेवूनच धुता येतं, सगळे कपडे एकदम काढायची गरज नाही. स्पंज त्यांच्या हातात द्या. सकाळी नको असेल तर संध्याकाळी. रोज अंघोळ झालीच पाहिजे हा नियम कुणी केला, त्यांनी केला का? आणि बोलत नाहीत म्हणजे समजत नाही असं धरून त्यांच्यासमोर दुसऱ्या स्टाफशी त्यांच्याबद्दल बोलू नका, हे तर मी प्रत्येक बॅचला सांगते.

अजून एक, हे अवघड आहे पण डोक्यात ठेवा. एकाएकी सुरू झालेली अंघोळीची भीती हा कुणीतरी लैंगिक त्रास दिल्याचाही परिणाम असू शकतो. या लोकांवर असे अत्याचार होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आहे आणि करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. बाईंच्या जुन्या फाइलमध्ये अंघोळीबद्दल काय लिहिलंय ते बघा, आणि शंका आली तर सीनियरच्या वर जा, लेखी जा. नवीन आहे म्हणून गप्प बसायचं नाही.

आमच्या मुलाच्या होममध्ये एकाला प्रॅडर-विली सिंड्रोम आहे म्हणून स्वयंपाकघराला कायम कुलूप असतं. बाकी पाच जणांनी साधं पाणी प्यायलाही स्टाफला बोलवायचं का? – एक पालक

प्रॅडर-विलीमध्ये १५ व्या गुणसूत्रातल्या बिघाडामुळे पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही, माणूस जिवावर बेतेपर्यंत खाऊ शकतो, त्यामुळे त्याच्यासाठी ते कुलूप क्रूरपणा नाही, कित्येकांना उलट कुलूप असल्याने शांत वाटतं, खायला मिळेल की नाही हा विचार डोक्यात चालू राहत नाही. पण एकासाठीचा उपाय पाच जणांची शिक्षा होता कामा नये. पाण्याची सोय बाहेर करा, हे तर आजच होईल. ज्यांना किल्ली सांभाळता येते त्यांना किल्ली द्या. कुलूप का आहे आणि किती वेळ असतं हे लिहून ठेवायला लावा आणि दर काही महिन्यांनी त्यावर फेरविचार करायला लावा, नाहीतर तो माणूस सोडून गेला तरी कुलूप तसंच राहतं, खोटं नाही सांगत. आणि खरं बोलायचं तर प्रॅडर-विली असलेल्यांसाठी वेगळंच घर असलेलं चांगलं, मिसळून ठेवलं की दोन्हीकडे हाल.

माझी मुलगी ३२ वर्षांची. तिच्या होममधल्या एका मुलावर तिचं प्रेम आहे म्हणते. हात धरून बसतात. परवा तिने विचारलं, आम्ही एकत्र झोपू का? मी तर हादरलोच. होमवाल्यांना सांगून दोघांना वेगळं करावं का? – एक बाबा

बाबा, तिने तुम्हाला विचारलं. लपवलं नाही. ती तुमच्यावर किती विश्वास टाकते बघा, त्या विश्वासाला धक्का लागेल असं काही करू नका, एवढंच आधी सांगते.

वेगळं करून काय होईल? ते लपून भेटतील, आणि लपून जे होतं तिथे मदतीला कुणी नसतं. बौद्धिक अक्षमता असली तरी शरीर बत्तीसचंच असतं, मनही बऱ्याच बाबतीत. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातही लग्न, कुटुंब आणि नातेसंबंध यांचा हक्क मान्य केलाय, आणि कुठे, कुणाबरोबर राहायचं हे निवडायचा हक्क पण त्यातच आहे.

प्रश्न एवढाच की तिला संमती म्हणजे काय ते कळतं का आणि त्याला कळतं का. नुसतं हो-नाही विचारून हे समजत नाही, कारण बरेच जण समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात. तिला नाही म्हणता येतं का, तिने नाही म्हटल्यावर तो थांबतो का, गर्भ कसा राहतो हे माहीत आहे का, काय केल्याने राहत नाही, खासगी जागा कुठली आणि सगळ्यांसमोरची कुठली. हे शिकवता येतं, चित्रांनी, बाहुल्यांनी, पुन्हा पुन्हा, यासाठी ट्रेनिंग घेतलेले लोक असतात, त्यांना बोलवा, तुम्ही स्वतः शिकवायला बसू नका, तुम्हालाही आणि तिलाही अवघड होईल. गर्भनिरोधनाबद्दल डॉक्टरांशी ती स्वतः बोलली पाहिजे, बरोबर कुणी बसलं तरी चालेल. तिला न सांगता काही सुरू करायचं नाही.

अमेरिकेच्या रॉबर्ट पर्स्क यांनी १९७२ मध्ये एक निबंध लिहिला होता, त्यात म्हणणं असं की माणसाला सगळ्या धोक्यांपासून वाचवत बसलं तर आपण त्याचं माणूसपणच काढून घेतो, थोडा धोका पत्करण्यातही प्रतिष्ठा असते. याचा अर्थ डोळे झाकून सोडून द्या असा नाही. मन मोडण्याचा धोका मात्र तिला घेऊ द्या, तो तुम्हीही घेतला असेल.

आणि तुम्हाला झोप लागत नसेल ते मला कळतं. त्या मुलाच्या आईवडिलांना भेटा एकदा, त्यांनाही लागत नसेल.

पुढच्या महिन्यात दोन-तीन होम बघायला जाणार आहोत. ब्रोशर सगळ्यांचे सुंदर आहेत. नेमकं काय बघू? – एक वहिनी, दिरासाठी

ब्रोशर घरीच ठेवा. न कळवता, संध्याकाळी पाचच्या सुमारास जा, तो अवघड वेळ म्हटलं ना मी वर. सगळे सोफ्यावर आणि स्टाफ स्वयंपाकघरात असं दिसलं तर समजून जा. खोलीत शिरताना स्टाफ दार वाजवतो का बघा. खोल्यांमध्ये माणसांच्या स्वतःच्या वस्तू आहेत का, की सगळीकडे सारख्याच चादरी. टॉवेल, दाढीचं सामान प्रत्येकाचं वेगळं आहे का. कुणाला फिट आली तर काय करता असं विचारा, 'डॉक्टरांना बोलावतो' एवढंच उत्तर आलं तर पुरेसं नाही. वेळ बघतो, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवतो, धरून ठेवत नाही, तोंडात काही घालत नाही, झटके थांबले की कुशीवर वळवतो, पाच मिनिटांच्या वर गेलं तर लिहून दिलेलं औषध देतो आणि अँब्युलन्स बोलावतो, हे अगदी नवीन माणसालाही सांगता आलं पाहिजे, कारण बौद्धिक अक्षमता असलेल्या साधारण पाचातल्या एकाला फिटचा त्रास असतो. जेवताना घास अडकला तर काय, हेही तसंच विचारा.

तिथे राहणाऱ्यांशी बोला, स्टाफ शेजारी नसताना. 'इथे काय आवडत नाही' असं विचारा, 'आवडतं का' असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील. दिराला बरोबर न्या, दोन ठिकाणं बघितल्यावर फोटो समोर ठेवून त्यालाच विचारा, आणि त्याने तुम्हाला न आवडलेलं निवडलं तर का निवडलं ते नीट बघा, बहुतेक वेळा तिथलं कुणीतरी माणूस आवडलेलं असतं आणि ते कारण तुमच्या यादीतल्या निम्म्या कारणांपेक्षा चांगलं असतं.

शेवटी मॅनेजरला विचारा की सगळ्यात जुना स्टाफ किती वर्षं आहे आणि पगार वेळेवर होतात का. पगाराचं विचारलं की चेहरा पडेल समोरच्याचा, तरी विचारा, स्टाफ दर चार महिन्यांनी बदलत असेल तर मी वर जे काही सांगितलं ते कुणीच करणार नाहीये.